परत न आलेली मुलं

लहान मुलांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी उंच, हळू बोलणारी, भारदस्त बाई येते. टेपबाई यांतलं काहीच नव्हत्या. उंची बेताची, जीभ फटकळ, आणि चाल अशी की मागून येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांची दमछाक व्हायची. गळ्यात इतर डॉक्टरांसारखा स्टेथोस्कोप नसायचा, शिंप्याकडे असते तशी टेप असायची. बाळ दिसलं की आधी टेप त्याच्या डोक्याभोवती फिरणार, नाव-गाव मागाहून. 'टेपबाई' हे नाव ठेवलं वॉर्डातल्या बाळांच्या आयांनी. तिथून ते ओपीडीत गेलं, मग कॅन्टीनमध्ये, आणि शेवटी बाईंच्या स्वतःच्या घरी पोचलं. नवराही फोनवर कुणाला सांगताना म्हणायचा, "टेपबाई अजून आलेल्या नाहीत."

त्यांचं काम समजायला अवघड नाही. काही बाळांच्या मेंदूत पाणी साठतं. पाण्याची आतली वाट बंद झालेली असते, पाणी तुंबतं, डोकं वाढत जातं आणि मेंदू दबतो. पूर्वी अशा बाळाच्या डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून एक नळी घालत. ती नळी कधी चोंदायची, कधी अपुरी पडायची, आणि मूल जन्मभर त्या नळीला बांधलेलं राहायचं. टेपबाई तरुण होत्या तेव्हा दुसरी पद्धत नुकती रुळत होती. बारीक दुर्बीण आत घालायची, मेंदूच्या तळाशी एक छिद्र पाडायचं, आणि पाण्याला नवी वाट करून द्यायची. ही पद्धत काही त्यांनी शोधली नव्हती. पण अशा बाळांचं पुढे काय होतं यावर त्यांनी आणि त्यांच्या विभागाच्या मोठ्या सरांनी मिळून एक पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहिला आणि त्या पेपरानं बाईंचं नाव जगभर नेलं. सार एका वाक्यात मावण्याजोगं होतं. ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष नीट गेलं की छिद्र पुन्हा बंद होत नाही, आणि मुलाला पुढे वर्षानुवर्षं तपासायला बोलावण्याची गरज नाही.

वाक्य सोपं होतं आणि सगळ्यांच्या सोयीचंही होतं. डॉक्टरांच्या ओपीडीतली गर्दी कमी झाली, आईबापांच्या खेपा वाचल्या. सोयीच्या वाक्याला पाय फुटतात. पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्या वाक्याचा दाखला कुणी कुणी दिला नाही? बाईंनी नंतर पुष्कळ लिहिलं, त्यातलं काही खरोखर जास्त मेहनतीचं होतं, पण लोकांना हवा तो पहिल्या वर्षाचाच पेपर. आईला सगळी पोरं सारखी असतात म्हणतात. पेपरांचं तसं नसतं.

या सगळ्याचा हिशेब ठेवायचं काम बाईंच्या यजमानांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले होते. सकाळी उठून कसली तरी नोंद घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही, आणि निवृत्तीनंतर तापमान विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मग ते कॉम्प्युटर उघडून बायकोची सायटेशन्स बघायचे. एका डॉक्टरानं आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपराचा दाखला दिला की दुसऱ्याच्या नावावर एक सायटेशन चढतं, हे त्यांनी शेजारच्या आजोबांनाही समजावलं होतं. "म्हणजे असं बघा, तुम्ही चारचौघांत म्हणालात की अमक्यानं असं सांगितलंय, की तो अमका मोठा झाला." आजोबा म्हणाले, "मग माझी बायको फारच मोठी. घरात तिच्याशिवाय मी दुसऱ्या कुणाचा दाखलाच देत नाही."

बाई वरवर वैतागायच्या. "अहो, पुरे झालं. ते काय पर्जन्यमान आहे?" पण आतून त्यांना बरं वाटायचं. का वाटू नये? दिवसभर उभं राहून पाठीचा कणा दुखायला लागला, एखादं मूल हातातून गेलं, की घरी आल्यावर 'आज दोघांनी तुझा दाखला दिला' हे ऐकायला कुणालाही आवडेल. शिवाय त्या वर्षी त्याला आणखी एक कारण होतं. हॉस्पिटलात बालमेंदूविकारांचं नवं संशोधन केंद्र उभं राहत होतं आणि त्याच्या प्रमुखपदासाठी डीननी बाईंचं नाव पुढे केलं होतं. निवड करणारे लोक बाहेरचे. ते आधी आकडा बघणार, मग माणूस. आणि आकड्याचा मोठा भाग त्या एकट्या पेपराचा होता.

अशा वेळी एका जर्नलच्या संपादकांकडून बाईंना एक हस्तलिखित परीक्षणासाठी आलं.

या व्यवसायातली ही एक गंमतच म्हणायची. कुणी काही नवं लिहिलं की संपादक ते त्याच विषयातल्या जाणत्या माणसाकडे पाठवतात. आणि नवं लिहिणाऱ्यानं जर कुणाची जुनी गोष्ट खोडून काढली असेल, तर जाणता म्हणून नेमका तोच खोडलेला माणूस सापडतो. तो काय म्हणतो हे लेखकांना कळतं, पण कोण म्हणालं हे कधीच कळत नाही. म्हणजे ज्याच्या विरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात न्याय, तोही पडद्याआडून.

हस्तलिखित दूरच्या एका हॉस्पिटलातल्या, बाईंना अनोळखी डॉक्टरांचं होतं. त्यांनी तीन मुलांची हकिगत लिहिली होती. तिघांच्या मेंदूत छिद्र पाडलेलं, तिघांचं पहिलं वर्ष छान गेलेलं, आणि तिघांना 'आता यायची गरज नाही' असं सांगून सोडून दिलेलं. का सोडलं, तर संदर्भ क्रमांक एक. संदर्भ क्रमांक एक म्हणजे बाई. पुढे काही वर्षांनी तिघांचंही छिद्र बंद झालं. दोघं वेळेवर पोचली. तिसरं शाळेतून डोकं दुखतंय म्हणून घरी आलं आणि संध्याकाळपर्यंत गेलं.

बाईंनी ते रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून वाचलं आणि त्यांना राग आला. खरं सांगायचं तर वाईट नंतर वाटलं, राग आधी आला. तीन मुलं म्हणजे काय पुरावा झाला? आमच्या पेपरात याच्या कितीतरी पट मुलं होती. छिद्र नीट पाडलं नसेल यांनी. नाचता येईना अंगण वाकडं. त्यांनी परीक्षण लिहायला घेतलं. भाषा सभ्य, मुद्दे बिनतोड: नमुना लहान आहे, शस्त्रक्रियेचा तपशील अपुरा आहे, तीन हकिगतींवरून प्रस्थापित निष्कर्ष बदलता येत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. संपादकांनी ते डोळे झाकून मान्य केलं असतं.

आता शेवटी आपल्याच पेपरातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवावं म्हणून त्यांनी तो उघडला. गंमत अशी की तो त्यांनी वीसेक वर्षांत वाचलाच नव्हता. स्वतःचा पेपर कोण वाचतं? जगानं वाचावा म्हणून आपण लिहितो, आणि जगही बहुधा सुरुवातीचा सारांश वाचून मोकळं होतं. बाई हवं ते वाक्य शोधत खाली गेल्या आणि एका तक्त्याच्या पायाशी बारीक अक्षरात त्यांना स्वतःचीच एक ओळ दिसली. पहिल्या वर्षानंतर पुन्हा तपासणीला न आलेली नऊ मुलं बरी आहेत असं धरलं आहे.

असं धरलं आहे. कोणी धरलं? त्यांनीच.

बाईंना तो दिवस आठवला. पेपर पूर्ण करायची घाई होती. बाई मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या होत्या, "सर, नऊ मुलांचा पत्ताच नाही. काय करायचं?" सर कसलेसे कागद चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "आली नाहीत म्हणजे बरी आहेत. आजारी पोर घरी कोण ठेवतं?" त्या हॉस्पिटलात सगळेच असं म्हणत. रुग्ण परत आला नाही की तो बरा झाला, ही तिथली जुनी समजूत होती आणि तिच्यात प्रत्येकाची सोय होती. बाईंनाही ते पटलं होतं. इतकं पटलं, की त्या नऊ मुलांपैकी एकाच्याही घरी फोन करून बघावं असं तेव्हा त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्यांनी लिहिलेलं परीक्षण तसंच ठेवलं आणि यजमानांना म्हणाल्या, "माझी नऊ मुलं हरवलीत." कुणाचं हस्तलिखित आहे ते त्यांनी सांगितलं नाही, तसा नियमच असतो, पण आपल्या पेपरातली ओळ वाचून दाखवली. यजमानांनी ती दोनदा वाचायला लावली. मग एवढंच म्हणाले, "शोधू या."

वीस-बावीस वर्षांपूर्वीचे पत्ते घेऊन माणसं शोधणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. घरं पाडलेली, फोन बदललेले, मुलींची लग्नं होऊन आडनावं बदललेली. बाई दुपारच्या ओपीडीनंतर फोन लावायच्या आणि यजमान सकाळी पत्त्यांवर चकरा मारायचे. पोस्टमन, दुकानदार, जुने शेजारी, कुणाकुणाला विचारून एकेक धागा हाती लागत गेला. एक जण ट्रक चालवत होता. बाईंनी फोनवर ओळख सांगताच तो म्हणाला, "डोकं एकदम टकाटक आहे बाई, फक्त केस गेलेत. त्याला काही छिद्र-बिद्र?" एक मुलगी दोन मुलांची आई झाली होती. आणखी काही जणही बरे निघाले. प्रत्येक फोनानंतर बाईंचा जीव भांड्यात पडायचा. हे कबूल करायला हवं, की नववंही बरं निघालं असतं तर त्यांनी ते परीक्षण तसंच पाठवलं असतं आणि उरलेलं आयुष्य शांतपणे काढलं असतं. एक कुटुंब परदेशी गेलेलं, त्याचा माग लागला नाही. आणि एक पत्ता उरला.

तिथे बाई स्वतः गेल्या. तीन मजल्यांची साधी इमारत, जिन्यात नुकताच दिलेला रंग, दाराबाहेर एका रांगेत ठेवलेल्या चपला. दार आईनं उघडलं. बाईंनी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "टेपबाई ना? टेप कुठंय?" आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली.

आत खिडकीजवळच्या खुर्चीत पंचविशीच्या आसपासची एक मुलगी बसली होती. आवाज आला तशी तिनं मान वळवली, पण नजर बाईंच्या खांद्याच्या बाजूनं निघून गेली. बाईंनी आयुष्यात हजारो डोळे तपासले होते. त्यांना विचारावं लागलं नाही.

आई चहा टाकायला गेली आणि तिथूनच बोलत राहिली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणं जास्त जड होतं. "ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा तुम्ही हिला टेप लावलीत आणि म्हणालात, आता डोकं पक्कं झालं, काळजी करू नका, काही वाटलं तरच या. तिसऱ्या वर्षी ही टीव्हीच्या फार जवळ बसायला लागली. डोकं दुखतं म्हणायची, उलट्या व्हायच्या. आम्ही म्हटलं, डोकं तर पक्कंय, मग डोळ्यांचंच असणार. चष्मा केला. नंबर वाढला म्हणून दुसरा केला. पित्त म्हणून औषधं दिली. शेवटी एका डॉक्टरांनी डोळ्यांत आतपर्यंत बघितलं आणि म्हणाले, डोक्यातल्या पाण्याच्या दाबानं डोळ्यांची नस सुकली आहे. त्यांनी डोक्याचं ऑपरेशन लगेच करवलं, तिथंच, त्यांच्या ओळखीच्या हॉस्पिटलात. डोकं वाचलं. नजर नाही आली परत."

"आमच्याकडे का नाही आणलंत?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर त्यांना कळलं.

"तुम्हीच तर यायची गरज नाही म्हणाला होतात," आई म्हणाली. "तुमच्यावर विश्वास होता ना."

बाईंनी मनातल्या मनात वर्षं जुळवली. आपण त्या पेपरावर शेवटचा हात फिरवत होतो, तेव्हा ही मुलगी चष्म्याच्या दुकानात बसली होती. एक फोन केला असता तर पेपर वेगळा झाला असता. आणि कदाचित ही मुलगीही. टेपबाई सहसा रडत नसत. ज्या आईबापांना धीर द्यायचा त्यांच्यापुढे रडून कसं चालेल? पण त्या दिवशी त्यांना डोळे पुसावे लागले, आणि समोरच्या मुलीला ते दिसत नाही याचं त्यांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीही मग लाज वाटली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आला नाहीत, आणि मी विचारलं नाही."

"असू दे हो," आई चहा पुढे करत म्हणाली. "जीव तर तुम्हीच वाचवलात तिचा."

"आई सगळ्यांनाच माफ करते," मुलगी पहिल्यांदा बोलली. आवाज स्वच्छ, थोडा कोरडा. ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर काम करायची, समोर आलेल्यांना आणि फोनवरच्यांनाही उत्तरं द्यायची. "दूधवाल्याला करते, तर तुम्हाला का नाही करणार? मला एक सांगा. आम्ही आलो नाही, तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"बरी आहे, असं."

"आणि लोक ते वाचतात? अजून?"

"वाचतात. पुष्कळ डॉक्टर वाचतात. आणि त्यावरून मुलांना घरी पाठवतात."

"म्हणजे त्यांच्या लेखी मी अजून बरी आहे," मुलगी म्हणाली. "आधी ते दुरुस्त करा. माझी माफी नंतर बघू."

बाई घरी आल्या आणि ते सभ्य, बिनतोड परीक्षण त्यांनी पुसून टाकलं. संपादकांना लिहिलं की ज्या पेपराला हे लोक आव्हान देताहेत तो माझाच आहे, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. पण माझं मत विचाराल तर यांचं म्हणणं बरोबर आहे, ते लवकर छापा. आणि आपल्या पेपराची दुरुस्तीही छापून यायला हवी, असं त्यांनी ज्या जर्नलमध्ये तो आला होता त्यांना कळवलं.

दुरुस्तीला दोन्ही लेखकांची संमती लागते. मोठे सर आता ऐंशीच्या पुढे गेले होते. लेकीकडे राहायचे, कानाला यंत्र लावायचे, आणि ते यंत्र नको त्या वेळी बंद करायचे. बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि जुनंच वाक्य म्हटलं, "अगं, आजारी पोर घरी कोण ठेवतं?"

"ज्यांना आपण बरं म्हणून सांगतो ते ठेवतात, सर," बाई म्हणाल्या.

सरांचा हात कानाकडे गेला. यंत्र बंद करणार असं बाईंना वाटलं, पण त्यांनी आवाज वाढवला. "परत एकदा सांग त्या पोरीचं. चष्म्यापासून." बाईंनी सांगितलं. सरांनी दुरुस्तीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "पेपरावर माझं नाव शेवटी होतं. मोठ्या माणसाचं शेवटी घालतात म्हणून. या दुरुस्तीवर ते पहिलं घाल. धरायला मी सांगितलं होतं." आणि त्यांनी सही केली.

डीन चांगले गृहस्थ होते. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून दार लावलं आणि समजावलं, "चूक सुधारू नका असं मी कसं म्हणेन? फक्त निवड होईपर्यंत थांबा. दोन महिन्यांत काय आभाळ कोसळणार आहे?" शाळेतून घरी येऊन संध्याकाळपर्यंत गेलेल्या मुलाबद्दल बाईंना बोलता येत नव्हतं, ते अजून गुपित होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कुणाच्या तरी डोक्यावर कोसळेल." दुरुस्ती छापली गेली. ती निवड करणाऱ्यांच्याही नजरेत आली, आणि केंद्राच्या प्रमुखपदी दुसऱ्या हॉस्पिटलातून एक हुशार तरुण माणूस आला. बाईंना वाईट वाटलं, चांगले पंधरा दिवस वाटलं. त्या काही संत नव्हत्या. त्या माणसाचं केबिन बघून आल्या तेव्हा यजमानांना म्हणाल्या, "खिडकी मस्त आहे हो." बस, तेवढंच.

खरा धक्का पुढे होता. दुरुस्ती छापून आली, पण बाहेरच्या डॉक्टरांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. ती अंकाच्या मागल्या पानांवर होती, आणि जुन्या पेपराचा दाखला लोक पूर्वीसारखाच देत राहिले. महिने गेले तरी आकडा वाढतच होता. यजमान आता तो मोठ्यानं वाचायचे नाहीत. एक दिवस बाईंनीच विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, "वाढलाय." एका वाक्याला पाय फुटायला वेळ लागत नाही, पण ते परत बोलवायला गेलं तर ऐकत नाही.

टेपबाईंचा स्वभाव असा, की एकदा डोक्यात घेतलं की मग इकडची दुनिया तिकडे झाली तरी चालेल. त्यांनी ज्या ज्या डॉक्टरांनी आपला दाखला दिला होता त्यांना एकेक करून लिहायला घेतलं. रोज संध्याकाळी जेवणाआधी, टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला यजमान पत्ते शोधून देणारे. पत्र छोटं होतं. पहिली ओळ अशी: 'आमच्या पेपरात जिला बरी म्हटलं होतं, ती मुलगी आंधळी झाली आहे.' ही ओळ वापरू का, असं बाईंनी मुलीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नाव नका घालू. बाकी स्पष्ट लिहा." पुढे विनंती होती की वर्षभरानंतर सोडून दिलेल्या मुलांना पुन्हा बोलवा, आणि जी येणार नाहीत त्यांच्या घरी जा.

उत्तरं थोडी आली. काहींनी आभार मानले. एकानं, आपण हे आधीच ओळखलं होतं, असं कळवलं. एकानं चिडून लिहिलं की इतक्या वर्षांनी गोंधळ कशाला घालता. बहुतेकांकडून काहीच आलं नाही. एकेकाळी बाईंनी या शांततेचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा धरला असता. आता त्या दर महिन्याला गप्प राहिलेल्यांना पुन्हा लिहायच्या. यजमान म्हणायचे, "लोक वैतागतील गं." त्या म्हणायच्या, "वैतागू देत. वैतागलेला माणूस निदान वाचतो."

जवळजवळ वर्षानंतर, तिसऱ्यांदा लिहिल्यावर, एका लहानशा हॉस्पिटलातून उत्तर आलं. बाईंनी ते ओपीडी सुरू व्हायच्या आधी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी दार पुढे ओढून घेतलं, बाहेरच्या आयांना थांबायला सांगितलं आणि बस डेपोचा चौकशीचा नंबर लावला.

"चौकशी. कुठं जायचंय?" तोच स्वच्छ, कोरडा आवाज.

"मी टेपबाई बोलतेय."

"बोला. समोर रांग आहे, पण बोला."

"पत्र आलंय एक. तिथल्या डॉक्टरांनी सोडून दिलेली मुलं परत बोलावली. एक मुलगा आलाच नाही, तेव्हा त्यांची नर्स त्याच्या घरी गेली. सात वर्षांचा आहे. घरच्यांनी नुकताच त्याला चष्मा केला होता."

पलीकडे गाड्यांचा घरघराट आणि कुणीतरी 'अहो ताई' म्हणून हाक मारत असलेलं ऐकू येत होतं.

"छिद्र बंद व्हायला लागलं होतं," बाई म्हणाल्या. "परवा ऑपरेशन झालं. नस अजून सुकली नव्हती. शुद्धीवर आल्यावर त्यानं नर्सला विचारलं, तुमच्या कोटाचं एक बटण का तुटलंय? असं लिहिलंय त्यांनी."

"म्हणजे दिसतंय त्याला."

"दिसतंय."

"ताई, गाडी कितीची?" खिडकीवरचा माणूस जोरात विचारत होता.

"एक मिनिट थांबा हो," मुलगी म्हणाली, पण ती बाईंना म्हणाली की त्या माणसाला, ते बाईंना कळेना. मग तिनं रांगेतल्या माणसाला गाडीची वेळ सांगितली, त्याच्या मागच्यालाही सांगितली, आणि पुन्हा फोनवर आली. आता तिचा आवाज कोरडा नव्हता.

"आता परत सांगा," ती म्हणाली. "ती नर्स त्याच्या घरी गेली, तिथपासून."

बाई खुर्चीत नीट बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.